इन्फर्मेशन मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय, आणि सुरुवात कुठून करायची

आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला तेव्हा बिल्डरच्या वकिलाने पहिल्याच मीटिंगला कागदांची यादी हातात ठेवली, कन्व्हेयन्स डीड (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर केल्याचा दस्त), ओसी (इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र), मंजूर नकाशे, प्रॉपर्टी कार्ड, सभासदांचं ‘आय’ रजिस्टर, मागचे ऑडिट रिपोर्ट, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. इमारत १९८८ ची. ओसी आलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण आहे कुठे ते कुणालाच सांगता येईना. मधल्या काळात तीन सेक्रेटरी बदलले, त्यातले एक वारले, एक मुलाकडे बंगलोरला राहायला गेले. पाच आठवडे शोधाशोध झाली आणि शेवटी ती सापडली पहिल्या खजिनदार काकांच्या माळ्यावर, जुन्या सुटकेसमध्ये, लग्नपत्रिका आणि एलआयसीच्या पावत्यांच्या मध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. काका म्हणाले, “अगं, महत्त्वाचा कागद म्हणून घरी आणून ठेवला होता, हरवायला नको.” त्यांनी तो खरंच जिवापाड जपला होता. कागद तीस वर्षं सुखरूप होता, तो कुठे आहे हे सांगणारी एक ओळ मात्र कुणी कुठेच लिहून ठेवली नव्हती.

ती एक ओळ लिहिणं आणि आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाला ती सापडेल अशा जागी लिहिणं म्हणजे इन्फर्मेशन मॅनेजमेंट, आणि हे माझं पोटापाण्याचं काम आहे. आधी इंजिनीअरिंग प्रोजेक्टवर डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे नकाशे-कागदांच्या आवृत्त्या सांभाळणारी, होते, आता औषध कंपनीत रेकॉर्ड्स बघते, एकूण सोळा वर्षं झाली. “म्हणजे तू कॉम्प्युटरवाली का?” असं नातेवाईक विचारतात, आणि या क्षेत्रात यायचं का असं विचारणारी बरीच मुलंमुलीही भेटतात, त्या सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी आयटी आणि हे यातला फरक. कपाट सुतार बनवतो, त्यात काय कुठे ठेवायचं, कुठल्या खणाला कुलूप लावायचं आणि कुठली चिंधी कधी टाकून द्यायची हे घरातलं माणूस ठरवतं. सर्व्हर, सॉफ्टवेअर, नेटवर्क हे सुताराचं काम, तेही लागतंच. आपलं काम म्हणजे माहिती तयार झाली त्या दिवसापासून ती नष्ट होईपर्यंत किंवा कायमची जपायला जाईपर्यंत तिचा हिशोब ठेवायचा, म्हणजे ती कुणी बनवली, खरी कोणती प्रत, कुणी बघायची, किती दिवस ठेवायची, आणि मागितली की किती वेळात हातात येते.

हे परदेशातून आलेलं फॅड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तलाठ्याचं दफ्तर बघावं. गाव नमुना १ ते २१, प्रत्येक नमुना एका ठराविक प्रश्नाचं उत्तर देतो. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते, बारामध्ये शेतात काय पेरलंय ते, आठ-अ मध्ये एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र. आणि मला सगळ्यात आवडणारा नमुना सहा, फेरफाराची नोंदवही. वारस लागला, खरेदी झाली, वाटणी झाली, काहीही बदल झाला की त्याला नंबर पडतो, नोटीस निघते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि तो फेरफार नंबर सातबाऱ्यावर लिहिला जातो. त्या एका नंबराचा माग काढत तुम्ही पणजोबांपर्यंत मागे जाऊ शकता. आज ज्याला ऑडिट ट्रेल म्हणून कंपन्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे मोजून घेतात ते हेच, कोणता बदल, कधी, कशाच्या आधारावर, कुणाच्या सहीने. पेशवे दफ्तरातले मोडी कागदही कापडात बांधून ठेवलेत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, आणि असे हजारो रुमाल पुण्याला आहेत. १९३० च्या सुमारास गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले तेव्हा कुठे ते अभ्यासकांच्या हाताला लागले. कागद त्याआधीही तिथेच होते ना.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. उदाहरण आमच्या सोसायटीचंच घेते, कारण सोसायटी, छोटी कंपनी, ट्रस्टची शाळा, डॉक्टरांचं क्लिनिक, सगळीकडे पायऱ्या त्याच असतात.

पहिली गोष्ट, स्कॅनर विकत घेऊ नका आणि सॉफ्टवेअरवाल्यालाही बोलावू नका. वही घ्या आणि आठवडाभर फिरा. कुठल्या कपाटात काय आहे, कुणाच्या घरी काय आहे, कुणाच्या लॅपटॉपवर, कुणाच्या व्हॉट्सॲपवर, ऑडिटरकडे काय पडलंय, हे नुसतं लिहून काढा. याला आम्ही इन्व्हेंटरी म्हणतो. फिरताना प्रत्येकाला एकच विचारायचं, “मागच्या वर्षभरात कुठला कागद शोधताना तुमचा जीव मेटाकुटीला आला?” या प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच फॉर्ममधून कळत नाही. आमच्याकडे उत्तरं आली लिफ्टचा मेंटेनन्स करार, पाण्याच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी आणि नॉमिनेशनचे फॉर्म. सुरुवात तिथून केली. घरभर झाडू मारत बसण्यापेक्षा दुखणाऱ्या जागी आधी हात घालावा, लोकांना लगेच फरक दिसतो आणि पुढच्या कामाला ते स्वतःहून मदत करतात.

मग वर्गवारी. इथे नवीन माणूस हमखास चुकतो, तो फोल्डरला माणसांची नावं देतो. अमक्या सेक्रेटरीची फाईल, तमक्या मॅडमचं फोल्डर. माणूस गेला की त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये काय आहे हे नवीन माणसाला कसं कळणार? फोल्डरला कामाची नावं द्यायची: सभासदत्व, हिशेब, दुरुस्ती, करार, सभा, कोर्टकचेरी, सरकारी परवानग्या. माणसं बदलतात, कामं बदलत नाहीत.

या विषयातला माझा गुरू म्हणजे एस. आर. रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी पुस्तकं लावण्याची कोलन वर्गीकरण ही पद्धत आणली. त्यांचं म्हणणं असं की कुठल्याही विषयाला एका खणात कोंबायच्या ऐवजी त्याचे पैलू पाडा, मुख्य वस्तू कोणती, ती कशाची, तिच्यावर क्रिया काय झाली, कुठे आणि कधी. आता आमच्याकडचं एक बिल घ्या, बी विंगच्या लिफ्टचा रोप २०२१ मध्ये बदलला त्याचं. वस्तू लिफ्ट, भाग रोप, क्रिया बदलणं, जागा बी विंग, काळ २०२१. हे पाच शब्द बिलाच्या नोंदीत असले तर कुणी ‘लिफ्ट’ शोधू दे, ‘बी विंग’ शोधू दे नाहीतर ‘२०२१ चा खर्च’ शोधू दे, बिल सापडतं. हा विचार ग्रंथालयासाठी केलेला, आणि आज शॉपिंगच्या ॲपवर आपण साईज, रंग, किंमत असे फिल्टर लावतो त्यामागे पैलूंचीच कल्पना आहे. त्यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. माझ्या टेबलासमोर तोच लावलाय.

नावं देण्यावर थोडं जास्त बोलते, कारण निम्मी भांडणं इथली. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’, ‘फायनल सरांनी बघितलेलं’ अशा चार फाईल असतील तर खरी कोणती हे बनवणारालाही दोन महिन्यांनी सांगता येत नाही. तारीख आधी लिहा आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे २०२४-०३-१५, मग कामाचं नाव, मग विषय, शेवटी आवृत्तीचा नंबर. वर्ष आधी आलं की फाईली आपोआप ओळीने लागतात. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एका जागी गोळा होतात आणि गोंधळ होतो.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी दोन अडचणी येतात ज्या इंग्रजी कोर्समध्ये कुणी शिकवत नाही. एक म्हणजे जुने फॉन्ट. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव यांच्यात टाईप केलेली पत्रं स्क्रीनवर मराठी दिसतात पण आतून ती इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे ‘ठराव’ म्हणून शोधलं की शून्य निकाल, आणि फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की नुसती अर्थहीन अक्षरं. अशा फाईली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासा कारण कन्व्हर्टर नेमके तिथेच घसरतात. दुसरी अडचण नावांची. दीक्षित की दिक्षित, आडनाव आधी की नाव आधी, लग्नानंतर बदललेलं नाव. यावर उपाय एकच, प्रत्येक सभासदाला एक कायमचा नंबर द्या आणि शोध नंबरावर ठेवा, नावाची सगळी रूपं त्या नंबरापुढे लिहा.

चुकीची नोंद किती महाग पडते हे सातबारा कॉम्प्युटरवर घेताना महाराष्ट्राने अनुभवलंय. हस्तलिखितावरून टाईप करताना कुणाचं नाव गळलं, कुणाचं क्षेत्र चुकलं, आणि मग जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी लोकांना तहसील कचेरीच्या खेपा घालाव्या लागल्या. म्हणून माहिती भरणारा एक आणि मूळ कागदाशी ताडून बघणारा दुसरा, असे दोन वेगळे डोळे हवेतच, यात काटकसर करू नका.

आता रजिस्टर. आम्ही साधी एक्सेल शीट केली, त्यात अनुक्रमांक, कागदाचं नाव, काम, कागदाची तारीख, कुणी दिला, मूळ की झेरॉक्स, कुठे आहे (कपाट, खण, फाईल नंबर), कुणी बघायचा, किती वर्षं ठेवायचा. नऊ रकाने. यालाच मेटाडेटा म्हणतात, माहितीबद्दलची माहिती, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि कॉम्प्युटरवाले एकत्र बसले, त्यातून पुढे डब्लिन कोअर नावाचा १५ घटकांचा मेटाडेटाचा संच तयार झाला आणि तो जगभर वापरात आहे. तुमचे नऊ रकाने आज ना उद्या त्या पंधराला जोडता येतील असे ठेवा, पण पंधराच्या पंधरा पहिल्या दिवशी भरायला बसू नका. रकाने जास्त झाले की माणसं भरायचं सोडतात, हे मी एका ऑफिसमध्ये स्वतः करून बघितलंय, ३२ रकान्यांचा सुंदर फॉर्म केला होता आणि तिसऱ्या आठवड्यात तो ओस पडला.

किती दिवस ठेवायचं, यावर लोक दोन टोकं गाठतात, एक तर सगळं ठेवायचं नाहीतर दिवाळीला रद्दीवाल्याला सगळं द्यायचं. आपल्या सरकारी कार्यालयांत याची छान रीत आहे. जिल्हा परिषदेसारख्या ठिकाणी अभिलेखाचे वर्ग असतात, ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा वर्षं, ‘क-१’ पाच वर्षं आणि ‘ड’ वर्षभर. शिवाय टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत: चालू प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणारी, ठराविक मुदतीने पाठवायचे अहवाल, स्थायी आदेश, रेकॉर्डरूमला पाठवायची आणि नष्ट करायची. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, आताच्या अहिल्यानगरचे, कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतले वर्षानुवर्षांचे गठ्ठे लावून घेतले आणि कामाची मांडणी बदलली, तो लखिना पॅटर्न म्हणून आजही सरकारी माणसांच्या तोंडी आहे.

तुमच्याकडे याच धर्तीवर एक पानी तक्ता करा. कन्व्हेयन्स, ओसी, नकाशे, सभांची इतिवृत्तं, सभासद रजिस्टर हे कायम. बाकीच्यांना कायदा बघायचा. कंपनी असाल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. आणि कोर्टात केस चालू असेल, ऑडिटचा प्रश्न उभा असेल किंवा माहिती अधिकाराचा अर्ज आलेला असेल तर मुदत संपली तरी त्या कागदाला हात लावायचा नाही. नष्ट करताना काय नष्ट केलं, कुणाच्या मंजुरीने, कोणत्या तारखेला, याची नोंद करायची आणि ती नोंद मात्र कायम ठेवायची. केंद्र सरकारच्या अभिलेखांना तर १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू आहे, त्यात बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

कुणाला काय दिसावं हा पुढचा मुद्दा, आणि यात दोन्ही बाजूंनी ओढाताण असते. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ पहिल्याच ओळीत सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची आणि अनुक्रमणिका करून नीट ठेवावेत. लोक या कायद्याकडे फक्त अर्ज करायचा कायदा म्हणून बघतात, पण आतून तो रेकॉर्ड नीट ठेवायचा कायदा आहे, कारण अभिलेख लावलेलेच नसतील तर ३० दिवसांत उत्तर देणार कुठून? दुसऱ्या बाजूला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाडेकरूंच्या आधारच्या झेरॉक्स फिरत होत्या, सेक्रेटरींचा हेतू चांगला होता, पण त्या ८६ लोकांच्या फोनमध्ये कायमच्या जाऊन बसल्या. आता अशा गोष्टी फक्त दोघांना उघडता येतील अशा फोल्डरमध्ये ठेवतो आणि रजिस्टरमध्ये ‘पाहिले, परत केले’ एवढीच नोंद करतो.

हे सगळं झाल्यावर स्कॅनिंग. ३०० डीपीआय, पीडीएफ-ए, कारण हा प्रकार दीर्घकाळ जपण्यासाठीच बनवलाय, फॉन्ट फाईलच्या आतच राहतात. प्रत्येक पान उलटून बघा, मागच्या बाजूला शेरा असतो आणि नेमका तोच स्कॅनमध्ये सुटतो. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि फाईलींच्या फाईली जळून गेल्या, तेव्हा एकाच इमारतीत एकच प्रत असण्याचा अर्थ सगळ्या राज्याला कळला. आणि सहा महिन्यांतून एकदा बॅकअपमधून कुठलीही एक फाईल खरोखर उघडून बघा.

आता पेशा म्हणून. या कामाची नावं जागेनुसार बदलतात, त्यामुळे जॉब साईटवर ‘इन्फर्मेशन मॅनेजर’ एवढंच शोधलंत तर थोडंच मिळेल. डॉक्युमेंट कंट्रोलर, रेकॉर्ड्स मॅनेजर, आर्काइव्हिस्ट, नॉलेज मॅनेजर, टॅक्सॉनॉमिस्ट (वर्गवारी ठरवणारा), डेटा स्टुअर्ड (डेटाची देखरेख करणारा), ही सगळी एकाच घरातली भावंडं. बांधकाम आणि तेल-वायूच्या प्रोजेक्टवर डॉक्युमेंट कंट्रोलर लागतोच, आखाती देशांत या कामाला आपल्याकडची बरीच मुलं जातात. तिथे एका ड्रॉइंगच्या सात-आठ रिव्हिजन, म्हणजे सुधारलेल्या आवृत्त्या, निघतात आणि साईटवर बांधकामासाठी मंजूर झालेलीच प्रत असली पाहिजे. माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर नवीन रिव्हिजन मी मेलने पाठवली पण साईट ऑफिसच्या भिंतीवरची जुनी कुणी काढलीच नाही, फोरमनने भिंतीवरची बघून फाउंडेशनचे बोल्ट लावले, काँक्रीट पडलं, आणि मग ते ब्रेकरने फोडावं लागलं. तेव्हापासून नवीन पाठवली की जुनी परत आल्याची सही घेतल्याशिवाय मी काम पूर्ण धरत नाही.

औषध कंपन्यांत, पुणे, संभाजीनगर, गोवा सगळीकडे, काम आणखी कडक. लिहिलं नाही तर केलं नाही, हा तिथला पहिला धडा. नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, काम करतानाच झाली पाहिजे, मूळ असली पाहिजे, अचूक असली पाहिजे. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही, तारीख आणि कारण, व्हाइटनर तर ऑफिसात आणायचाच नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी हा सरळ रस्ता, पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी इथे आहे, नोकरी करत करायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. बंगलोरला रंगनाथन यांनीच १९६२ मध्ये सुरू केलेलं डीआरटीसी (डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर) आहे, गणिताची किंवा कॉम्प्युटरची आवड असेल तर तिथली प्रवेश परीक्षा जरूर द्या. जुन्या कागदांची ओढ असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेखशास्त्राचे छोटे कोर्स आहेत, आणि सोबत मोडी शिकून घ्या, मोडी वाचणारे आणि कॅटलॉग करता येणारे असे दोन्ही एकत्र फार थोडे मिळतात. नोकरीत लागल्यावर आयएसओ १५४८९ हे रेकॉर्ड्स मॅनेजमेंटचं स्टँडर्ड वाचा, २००१ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारलं. कॉमर्स, सिव्हिल, फार्मसी कुठूनही आलात तरी चालतं, उलट त्या क्षेत्रातला कागद तुम्हाला आधीच ओळखता येतो याचा फायदाच होतो.

इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटच्या सोबत तुम्ही स्वतः लावलेल्या एखाद्या ठिकाणाचं रजिस्टर घेऊन जा, खाजगी नावं झाकून. सोसायटीचं चालेल, देवस्थानच्या ट्रस्टचं चालेल, मामाच्या दुकानाचंही चालेल. मी उमेदवार घेते तेव्हा त्यातला एक नंबर निवडते आणि विचारते, हा कागद आत्ता कुठे आहे, तिथे कुणाला फोन करून दोन मिनिटांत फोटो मागवता येईल का? आमच्या सोसायटीच्या रजिस्टरमध्ये ओसी १४ नंबरला आहे, ऑफिसचं कपाट, वरचा खण, फाईल ३, चावी सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे.